चष्मा काढून

त्या रविवारी दुपारी बाबांनी तिचा फोटो काढला, कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा तिच्या नाकासमोर धरला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "कसा आलाय?"

ती कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक वाचत बसली होती. नोकरी ग्रंथालयातली, त्यामुळे छापील शब्दावर तिचा फार विश्वास. घरात मिक्सर आला तेव्हाही तिने आधी पुस्तिका वाचली आणि मगच झाकण उघडलं. तिने फोटोवर नजर टाकली.

"वाकडा आलाय. मागची खिडकी बघा, बुडत्या जहाजातली वाटतेय."

"खिडकीचा नाही गं काढला. तुझा काढलाय."

"नियम खिडकीलाही असतो, बाबा."

"बरं, पंडित," ते म्हणाले आणि पुन्हा पडद्याकडे बघत राहिले.

बाबांचा उभा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला. डोळे तपासायचे, काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. दुकान विकल्यावर त्यांनी घरी दोनच गोष्टी आणल्या. एक अक्षरांचा तक्ता, तो स्वयंपाकघराच्या दाराशेजारी टांगला. आणि दुसरी, माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय. त्या सवयीला काही काम हवं म्हणून हा भलाथोरला कॅमेरा आला. मग गल्लीतला शिंपी, दूधवाला, मटार सोलणारी आई, कुणाचीच सुटका झाली नाही. घरातले फोटो सुरुवातीला हललेले यायचे. तिने पुस्तकातून वाचून दाखवलं: शटरचा वेग वाढवा, फ्लॅश बंद करा, माणसाला खिडकीजवळ बसवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्याला हवं तेवढं उचललं. नंतर नंतर शिंप्याच्या फोटोत सुईचं नेढंसुद्धा दिसायला लागलं.

"आता तू माझा काढ," त्या दुपारी ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी हातात घेतला, काचेवर उजेड चमकू नये म्हणून, आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसले.

तिने कॅमेरा उचलला, चष्म्यासकट बघायच्या भोकाला डोळा लावला. आत नुसतं धुकं.

"बाबा, तुमच्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय."

"मला तर लख्ख दिसतं."

"तुम्हाला चष्म्याशिवाय समोरची भिंत दिसत नाही. लख्ख काय दिसणार?"

यावर बाबा पोट धरून हसले. हसता हसता म्हणाले, "अगं, तू दाब तर." तिने दाबलं. मग, "राहू दे, पुढच्या रविवारी नीट काढू," म्हणून तिने न बघताच कॅमेरा पिशवीत घातला.

पुढचा रविवार त्यांच्या वाट्याला नव्हता. सोमवारी सकाळी चहा ठेवायला उठले ते ओट्यापाशीच कोसळले. डॉक्टर जिना चढून वर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मग भिंतीवर लावायला फोटो शोधायची वेळ आली, आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं. घरभर फोटो, पण कॅमेरेवाल्याचा एक नाही. एकदोन ठिकाणी त्यांची सावली होती, एका ठिकाणी अंगठा. काकांनी कुठल्याशा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. आईने तो हातात धरला आणि म्हणाली, "हा कोण? याला मी दारात उभं केलं नसतं." आणि तो भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. काकांसमोरच.

"तू काढला होतास ना गं त्या दिवशी एक?" दुसऱ्या दिवशी आईने तिला विचारलं.

"तो धुरकट आलाय, आई."

खरं तर तिने तो पाहिलाच नव्हता. पाहिला आणि खरंच धुरकट निघाला, तर बाबांचा फोटो म्हणून जगात काही उरणार नव्हतं. न पाहिलेला फोटो निदान चांगला असण्याची शक्यता तरी होती. एवढी पुस्तकं वाचलेल्या बाईने असा हिशेब करावा याचं तिचं तिलाच नवल वाटे.

पण मनात एक प्रश्न खड्यासारखा रुतून बसला होता. आत धुकं, तर मग सुईचं नेढं कुठून आलं? ज्या भोकातून तिला खुर्ची आणि माणूस वेगळे दिसेनात, त्यातूनच बघून बाबांनी ते सगळे फोटो काढले होते. दात घासताना, पुस्तकांवर शिक्के मारताना, तेच डोक्यात. शेवटी एका सकाळी तिने पिशवी उघडली.

खिडकीच्या गजांवर कॅमेरा रोखला. धुकं. बटण दाबलं. पडद्यावर गज अगदी स्वच्छ, त्यांच्यावरच्या गंजाच्या पोपड्यांसकट. म्हणजे कॅमेरा धडधाकट होता. बिघाड भोकात होता, किंवा तिच्यात. चष्म्याची काच पुसून पाहिली, डावा डोळा लावून पाहिला. मग भोकाच्या कडेला बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. डाळीएवढं एक चाक. माहितीपुस्तकात ते होतं, अगदी सुरुवातीला. किरकोळ समजून तिने ते पान ओलांडलं होतं. बघणाऱ्याच्या डोळ्याप्रमाणे फिरवून घ्यावं, एवढंच लिहिलेलं. फोटोशी त्याचा संबंध नाही.

तिने चाकावर नख टेकवलं.

"ते फिरवू नकोस," आई टेबलापाशी बसल्या बसल्या म्हणाली. ती मटार सोलत होती.

"तुला माहितीय हे काय आहे?"

"नाव नाही माहीत. कॅमेरा आणला त्या दिवशी आख्खी सकाळ त्या तक्त्यासमोर बसून तेच फिरवत होते. स्वतःच स्वतःचं गिऱ्हाईक. खालची ओळ वाचता आली तेव्हा थांबले. मी म्हटलं, झाला का नंबर कायम? तर म्हणाले, झाला, आता चष्म्याची कटकट नको."

"म्हणजे चष्मा काढून बघायचे?"

"मग? घालून डोळा लावला की दांडी टोचते म्हणायचे. कोपरं अशी पोटाशी धरायची, श्वास रोखायचा. काच बसवताना रोखायचे तसाच."

तिने चाकावरचं नख उचललं. तिला पहिला चष्मा बाबांनीच बसवून दिला होता. तेव्हा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले होते, "नाक आईचं, हट्ट आत्याचा, नंबर तेवढा माझा उचललाय." पुढे तो नंबर वाढत वाढत नेमका त्यांच्या नंबरापाशी येऊन थांबला, जणू पत्ता सापडला.

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. खोली विरघळली; आई म्हणजे एक निळसर डाग. मग कोपरं पोटाशी धरून तिने डोळा लावला, आणि आई लख्ख उभी राहिली. कानामागची पांढरी बट, अंगठ्याच्या नखाखालचा हिरवा रंग, ओठांवर अर्धवट आलेला प्रश्न. चाक तिने फिरवलं नव्हतं. जिथे त्यांनी सोडलं होतं, तिथूनच दिसत होतं.

"दिसलं का काही?" आईने विचारलं.

"सगळं दिसतंय."

आता न बघता राहवणार नव्हतं. चष्मा न घालताच तिने पडदा डोळ्यांजवळ धरला आणि मागे जायचं बटण दाबलं. गज गेले. बाबा आले.

फोटो चुकलेला होता. कॅमेऱ्याने नेम धरला होता तो पुढे आलेल्या हातातल्या चष्म्यावर. त्याचे स्क्रूसुद्धा मोजून घ्यावेत असा. मागे बाबांचा हसरा चेहरा किंचित मऊ पडला होता. तिने पडदा आईपुढे धरला. आईने हात पदराला पुसले आणि बराच वेळ बघितलं.

"त्यांनी चष्मा काढला की मला असेच दिसायचे," ती म्हणाली. "हाच लाव."

"चेहरा थोडा मऊ आलाय, आई."

"होताच मऊ." आई पुन्हा मटाराकडे वळली.

तिने आणखी एकदा बटण दाबलं. तीच दुपार, काही क्षण आधीची. टेबलापाशी वाकून वाचणारी ती. मागे खिडकी तिरकी होती, जहाजातल्यासारखी. पण खिडकी सरळ धरली असती तर तिच्या कपाळावर, पानावर आणि पान उलटायला टेकलेल्या बोटावर पडलेला तो एक उजेड चौकटीत मावला नसता. तो मावावा म्हणून एक म्हातारा माणूस कोपरं पोटाशी धरून, श्वास रोखून, एका अंगावर कलला होता.

समोरची खुर्ची तशीच खिडकीशी होती. चष्म्याशिवाय तिला ती नीट दिसत नव्हती, त्यामुळे बोलणं सोपं गेलं.

"छान आलाय, बाबा," ती म्हणाली. "खूप छान आलाय."