जाड थेंबाचा नोझल

सत्यभामा शेडमधल्या बाजेवर टेकली आणि परत उठली. रेशमाच्या अळ्या शेवटच्या अवस्थेत आल्या की त्यांना पोट सोडून दुसरं काही नसतं. सकाळी पाला, दुपारी पाला, रात्री पाला. माणसाचं पोर तरी कधीमधी झोपतं, या झोपतही नाहीत. गेल्या खेपेची सगळी बॅच रोगानं गेली होती. ही हाताशी आली होती, कोष धरायला दोनतीन दिवस उरले होते. हीसुद्धा गेली तर पुन्हा सुरुवातीपासून उभं राहायचं बळ तिच्यात नव्हतं, आणि तसं ती नवऱ्याला सांगूनही मोकळी झाली होती.

तुतीच्या शेजारी, बांधापलीकडे, तिच्या भायाचा कापूस होता. भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, बंकट. बांध कुणी किती कोरला यावरून दोघा भावांचा वर्षभर अबोला होता. तिचा नवरा राम थोरल्याचं नाव काढलं तरी ताटावरून उठायचा. आता कापसावर फुलकिडे आले होते आणि बंकट पेट्रोलच्या पंपानं फवारणार, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या पंपातून औषध नव्हे, धुकं निघायचं. हे पश्चिमेचं वारं ते धुकं उचलून थेट तुतीवर आणणार आणि तसला पाला तोंडात गेला की अळ्या मान टाकणार. एवढं साधं गणित होतं.

म्हणून सत्यभामा तलवाड्याला गेली आणि दुकानातून फवारायच्या नळीच्या टोकाला बसवायचा नवा नोझल घेऊन आली.

"ह्याचा थेंब जाड पडतो, वाऱ्यावर जात न्हाई," दुकानदार म्हणाला. "पण पंपाचं प्रेशर कमी ठेवायला सांगा. फुल्ल प्रेशर दिलं की ह्यातूनबी धुकंच निघतंय."

दोन गोष्टी होत्या. नोझल बदलायचा आणि प्रेशर कमी करायचं. लहान पोराच्याही ध्यानात राहावं इतकंच. अडचण ती सांगण्याची होती. लग्न होऊन आल्यापासून सत्यभामा भायाशी एक शब्द बोलली नव्हती. या घराची रीतच तशी. धाकट्याच्या बायकोनं थोरल्यासमोर डोईवरचा पदर पुढं ओढायचा, वाटेत गाठ पडली तर बाजूला व्हायचं, काही सांगायचं झालं तर जावेमार्फत. रेशीमवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात ही बाई रोज साऱ्या तालुक्याला अळ्यांच्या तब्येतीचं सांगायची, पण बांधापलीकडच्या माणसाशी बोलायची सोय नव्हती. कुणी घालून दिली असेल ती रीत, त्याला अळ्या पाळाव्या लागल्या नसणार.

संध्याकाळी ती जावेच्या, कडूबाईच्या दारात गेली. बंकट ओट्यावरच बसला होता. सत्यभामानं पदर ओढला आणि दाराआडून कडूबाईच्या हातावर नोझल ठेवला.

"आक्का, फवारताना हा बसवा म्हणावं. माझ्या अळ्या शेवटाला आल्यात."

कडूबाईनं नोझल उलटासुलटा करून बघितला. बांधाच्या भांडणापासून तीही फुगूनच होती. "बरं," एवढंच म्हणाली.

आता प्रेशरचं सांगायचं. सत्यभामाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ओट्यावरचा माणूस कान देऊन ऐकत होता आणि तिला एकदम संकोच वाटला. जन्मभर पंप पाठीवर घेतलेल्या भायाला, पंप कसा चालवायचा हे धाकटीनं शिकवायचं? नोझल देणं ही विनंती झाली. प्रेशर कमी करा म्हणणं म्हणजे अक्कल शिकवणं झालं. शिवाय ती इतकी दमली होती की कडूबाईनं उलट एखादा टोमणा मारला असता तर तिथंच रडू फुटलं असतं. अर्धी गोष्ट गिळून ती माघारी आली. रामलाही काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाला कापायला तुतीत शिरली, तेव्हा पलीकडं पंप बराच वेळ चालू होता. तिनं मान वर केली. कापसावर पांढरं धुकं उठलं होतं, वाऱ्याबरोबर हलकेच बांध ओलांडून तुतीच्या शेंड्यांवर उतरत होतं.

नोझल दिला, हात जोडल्यासारखं सांगितलं, तरी बसवला नाही! तिच्या डोक्यात संताप गेला. पदर खांद्यावर घसरला होता, तो तिनं सावरला नाही. विळा हातात तसाच धरून ती बांधावर चढली.

"दादा! ओ दादा! बंद करा तो पंप! माझं वाटोळं करायचं ठरवलंय का तुमी?"

बंकटनं पंप बंद केला. तोंडावरचं फडकं खाली ओढलं. हा आवाज कुणाचा, हे त्याला बघितल्यावर कळलं, आधी नाही. इतक्या वर्षांत त्यानं तो एवढा मोठा ऐकलाच नव्हता. तो सऱ्यांमधून बांधापर्यंत आला आणि फवारायची नळी तिच्यापुढं धरली. नळीच्या टोकाला तिनंच आणलेला नोझल होता.

"हे बघ. तूच दिलेला. पहाटंच बसवला."

सत्यभामानं नोझल बोटानं चाचपला. "मग धुकं कावून निघतंय?"

"मला काय म्हाईत? नवा हाय म्हणून मी फुल्ल सोडला."

तिनं विळा खाली ठेवला. "प्रेशर कमी करावं लागतं, दादा. दुकानदारानं सांगितलंवतं."

"मग काल कावून न्हाई सांगितलंस?"

तिचा हात खांद्यावरच्या पदराकडं गेला. ते बघून बंकटला उमगलं असावं, कारण त्यानं नजर वळवली. त्यानं पंपाचा खटका फिरवून प्रेशर उतरवलं आणि पंप परत चालू केला. नोझलमधून जाड थेंब पडू लागले, पानांवरून खाली ओघळू लागले, एकही बांधाकडं आला नाही. इतकं सोपं होतं.

बांधावरचा आरडाओरडा ऐकून राम शेडमधून धावत आला होता. बायको भायाशी उघड्या तोंडानं बोलतेय हे बघून तो जागीच थांबला. सत्यभामानं त्याला दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. त्याला राग यायला हवा होता, पण राग कुणावर काढायचा हेच त्याला सुचेना.

औषध कुठवर पोचलं हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी रेशीमवाल्यांची एक पद्धत असते. सत्यभामानं बांधाजवळचा, मधला आणि विहिरीकडचा असा तीन ठिकाणचा पाला खुडला, तीन ताटांत ठेवला आणि प्रत्येकात मूठभर अळ्या सोडल्या. आता बघत बसायचं. राम शेडच्या एका बाजूला बसला. थोड्या वेळानं पंप घरी ठेवून, आंघोळ करून बंकट आला आणि न बोलावता दुसऱ्या बाजूला बसला. वर्षभरात दोघं पहिल्यांदाच एका छपराखाली होते. बोलत मात्र दोघंही नव्हते, ताटांकडं बघत होते.

बांधाजवळच्या ताटातल्या अळ्यांनी आधी खाणं सोडलं. मग त्या माना इकडंतिकडं हलवू लागल्या, तोंडातून हिरवं पाणी आलं आणि एकेक आडवी झाली. मधल्या ताटातल्याही दुपारपर्यंत गेल्या. विहिरीकडच्या तेवढ्या खात राहिल्या.

"निम्मा पाला गेला," सत्यभामा म्हणाली.

रामनं ग्रुपातल्या सगळ्यांना फोन लावले. सगळ्यांच्याच बॅचा एकदम आलेल्या, जादा पाला कुणापाशी नव्हता. बंकट मोटारसायकल घेऊन तलवाड्यापर्यंत विचारून आला आणि दारातच मान हलवून उभा राहिला.

"थोडा थोडा समद्यांना देऊ," राम म्हणाला.

"अर्धपोटी अळी कोष धरत न्हाई. समद्याच जातील." तिनं रॅककडं बघितलं. दाराकडच्या रॅकवर मागं राहिलेल्या, बारक्या अळ्या होत्या. त्यांना अजून सगळ्यांत जास्त पाला लागणार होता. "ही रॅक काढायची."

राम जागचा हलला नाही. बंकट पुढं झाला. "मी काढतो. चूक माझी हाय."

"न्हाई, दादा," सत्यभामा त्याच्या तोंडाकडं बघत म्हणाली. "तुमी सांगितलं तेवढं केलं. मीच अर्धं सांगितलं. तुमच्यासमोर तोंड उघडायची लाज वाटली मला. त्या लाजंपायी ह्या मरणार."

तिनं त्या अळ्या स्वतःच्या हातानं टोपल्यांत भरल्या. धडधाकट, भुकेल्या अळ्या होत्या. बोटांना चिकटत होत्या, पाला आलाय असं वाटून तोंडं वर करत होत्या. सत्यभामाला रडू येत होतं आणि ती रडत होती. पुसायला हात मोकळा नव्हता.

शेडच्या मागं दोघा भावांनी खड्डा घेतला. बंकट खणत होता, राम फावड्यानं माती ओढत होता. पहिली टोपली घेऊन ती आली तेव्हा राम खड्ड्यात वाकून बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "जरा खोल घे. कुत्री उकरतील."

बंकटची कुदळ वरच थांबली. मग "हां," म्हणून त्यानं ती खाली घातली आणि खोल घेऊ लागला.

सत्यभामाला बरं वाटायला हवं होतं. पुढं कधीतरी वाटेलही. आत्ता तिनं टोपली खड्ड्याच्या काठावर ठेवली आणि विळा घेऊन विहिरीकडच्या तुतीत गेली. उरलेल्यांची खायची वेळ झाली होती.