सुरू न झालेली व्हॅन

समिती अकराला येणार होती, ती पावणेएकला आली. स्वच्छ ऊर्जेतल्या नव्या कल्पनांना सरकारी पाठबळ देणं हे तिचं काम. माणसं पाच होती आणि डिझेलच्या तीन गाड्यांतून आली होती. ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली नाहीत, कारण आतला गारवा टिकवायचा होता.

सरकारी चाचणी केंद्राच्या आवारात एक पांढरी व्हॅन उभी होती. विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करून पोट भरणाऱ्या एका बाईनं तिच्यातलं डिझेल इंजिन काढलं होतं आणि स्वतः तार गुंडाळून बनवलेली मोटार बसवली होती. तिचा मोठा भाऊ याच व्हॅनमधून सात रुग्णांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेत असे. सोमवारपासून जुन्या डिझेल गाड्यांना रस्ता बंद होणार होता. नव्या मोटारीला समितीचं प्रमाणपत्र मिळालं तर व्हॅन चालणार, नाहीतर सात माणसं घरात. नियम साधा होता: वाहन समितीसमोर सुरू व्हावं, चालावं आणि थांबावं.

फोटोग्राफर होता म्हणून अध्यक्ष स्वतःच चालकाच्या जागी बसले. शेजारी भाऊ बसला.

"हं, करा सुरू," अध्यक्ष म्हणाले.

"सुरू आहे, साहेब," बाई खिडकीपाशी उभी राहून म्हणाली.

"आवाज कुठाय?"

"विजेची आहे. उभी असताना आवाज नसतो."

"बाई, चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी. मला शिकवता?" ते कारकुनाकडे वळले. "लिहा, वाहन सुरू झाले नाही."

कारकुनानं लिहिलं. मग अध्यक्षांनी अडून बसलेल्या इंजिनाला डिवचतात तसा अॅक्सिलरेटर दाबला, अगदी तळापर्यंत.

व्हॅननं उडी घेतली. पाण्याच्या बाटल्यांचं टेबल आडवं झालं आणि स्वच्छ भविष्याचा फलक काचेवर येऊन चिकटला. भावानं हँडब्रेक ओढला तेव्हा भिंत वीतभर उरली होती. अध्यक्षांचा एक हात फोटोसाठी वर केलेला होता, तो अजून वरच होता.

पुढची बैठक वातानुकूलित खोलीत झाली. अडचण इतिवृत्ताची होती. त्या वहीची पानं क्रमांक घातलेली होती आणि खाडाखोड चालत नव्हती. सुरू न झालेली व्हॅन टेबलावर चढली कशी, हे आता सरकारी भाषेत लिहायचं होतं.

"त्यानंतर वाहन स्वतःहून पुढे गेले," अध्यक्षांनी सांगितलं.

तज्ज्ञ म्हणून आलेल्या सदस्याचा चेहरा खुलला. "स्वतःहून? मग हे चालकविरहित वाहन झालं, सर! त्याची योजनाच वेगळी. अनुदान तिप्पट."

"अभिनंदन, बाई," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेचा नि:श्वास होता.

"चालकविरहित गाडीला रस्त्यावर परवानगी आहे?" तिनं विचारलं.

"अजून नाही. पण प्रदर्शनात ठेवू. काचेच्या दालनात."

"आणि माझे पेशंट?" भावानं विचारलं.

"त्यांनाही बोलवू की बघायला."

भाऊ उठायला लागला. बहिणीनं त्याला बाहीला धरून बसवलं, पिशवीतून लॅपटॉप काढला आणि मोटारीच्या कंट्रोलरमधली नोंद पडद्यावर आणली. बारा अठ्ठावन्न. पेडल शंभर टक्के दाबलेलं. अडीच सेकंदांनी हँडब्रेक.

"हा पाय कुणाचा लिहायचा?" तिनं विचारलं.

"माझा नाही," भाऊ म्हणाला. "मी शेजारी होतो. एवढी लांब तंगडी असती तर सर्कशीत गेलो असतो."

कुणी हसलं नाही. तज्ज्ञ छताकडे बघू लागले. त्या खोलीत नियमांचं पुस्तक खरोखर वाचलेला एकटा कारकून होता. तो खाकरला. "सर, खोडता येत नाही, पण दुसरी चाचणी घेता येते. नव्या पानावर."

दुसरी चाचणी झाली. समितीनं ती खिडकीतून पाहिली. आवारात उतरायला कुणीच तयार नव्हतं. भावानं दोन फेऱ्या मारल्या आणि आखलेल्या रेषेवर व्हॅन उभी केली. तज्ज्ञांनी टाळ्या वाजवल्या आणि अध्यक्ष गप्प आहेत हे पाहून थांबवल्या.

कारकुनानं नवं पान वाचून दाखवलं. "पहिल्या चाचणीत अर्जदाराच्या अपुऱ्या ज्ञानामुळे दोष आढळला. माननीय अध्यक्षांच्या तांत्रिक मार्गदर्शनाखाली तो दूर करण्यात आला. वाहन सुरू झाले, चालले, थांबले."

"सही करू नकोस," भाऊ म्हणाला. "दीड वर्ष हात सोलून घेतलेस, आणि ज्ञान याचं?"

"दादा, सोमवारी सात जणांना खांद्यावर नेणार आहेस?"

तिनं तो परिच्छेद पुन्हा एकदा सावकाश वाचला आणि खाली सही केली.

"प्रमाणपत्र पंधरा दिवसांत पोस्टानं येईल," अध्यक्ष उठत म्हणाले.

"आत्ता द्या," ती म्हणाली. लॅपटॉपचा पडदा तिनं त्यांच्याकडे वळवला. बारा अठ्ठावन्न, शंभर टक्के.

अध्यक्ष परत बसले. कारकुनानं शिक्का शोधला, शाई वाळलेली होती, तिच्यावर थुंकी लावली. शिक्का उमटला, सही झाली, कागद हातात आला. तिनं तारीख तपासली, व्हॅनचा नंबर तपासला आणि मगच लॅपटॉप मिटला.