पाडावयाचे बांधकाम

“टेप ताठ धर, बा. मधी झोळ पडतोय.”

“धरलाय की. वारा हलवतोय, त्याला मी काय करू?” पदूने टेपचे टोक कुंपणाच्या भिंतीवर अंगठ्याने अधिकच दाबले. “येवढी मापं घेतोस. दुसरा बंगला बांदतोस का काय?”

“प्रबंध हाय, बा. शेवटच्या वर्साचा. काडून कॉलेजात मांडायचा.”

“शेठचा बंगला मांडायचा?”

“ही जागा मांडायची,” रोहिदास म्हणाला. हे खोटे नव्हते.

पदूच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. पळसदरीच्या धरणाकडून येणारी पौषातली हवा कोरडी होती. आठवड्याच्या मधल्या दिवशी बंगल्यात कोणी नसे. पोहायच्या निळ्या तलावातले पाणी स्वतःशीच हलत राही, आणि पदू त्यावर पडलेली पाने जाळीने वेचत राही. या बंगल्याचा तो राखणदार होता. मागच्या बाजूच्या एका खोलीत तो राहत होता. बायको जना तीन वर्षांपूर्वी वारल्यापासून एकटाच.

“काड, काड,” तो म्हणाला. “लोक फोटू काडाया गाड्या थांबवतात, तू तर इथलाच.”

रोहिदास वास्तुकलेच्या पाचव्या वर्षाला होता. खालापूरच्या बाजूला महामार्गालगत त्याचे महाविद्यालय होते. पदवीसाठी प्रत्येकाने एक जागा निवडायची, तिथे आज काय आहे ते मोजून मांडायचे आणि तिथे काय असायला हवे ते रेखाटायचे, असा तो प्रबंध. बरोबरच्या मुलांनी विमानतळ निवडले, संग्रहालये निवडली. कितीतरी दिवस त्यांची जागा ठरत नव्हती. रोहिदासची जागा तो कॉलेजात येण्यापूर्वीच ठरलेली होती.

बंगला आहे तिथे पूर्वी त्यांचे घर होते. कारवीच्या कुडाचे, कौलारू, आजोबांनी उभारलेले. बाजूला वाडीतली आणखी काही घरे. जमीन कागदोपत्री अनंतशेठच्या घराण्याची होती, हे वाडीला एके दिवशी सकाळी कळले. बाकीची माणसे शिव्या देत डोंगराच्या अंगाला वर सरकली. पदू गेला नाही. शेठने त्याला राखणदारी देऊ केली आणि पहिले काम सांगितले : घर उतरव. रोहिदास तेव्हा दुसरीत होता. बा आढ्यावर बसून कौले काढतो आहे, आय ती डोक्यावरून वाहून रचते आहे, आणि आंब्याखाली खुर्ची टाकून शेठ चहा पितो आहे. मधूनच त्याचा आवाज येई. “सावकास रं पदू. कौलं फोडू नको, मला लागतील.”

त्या कौलांखाली आता शेठची गाडी उभी असते.

त्याच वर्षी रोहिदासला आश्रमशाळेत घातले. सुटीत तो घरी येई, पण बंगल्याच्या पुढच्या अंगणात पाऊल ठेवत नसे. तो अबोल मुलगा होता. त्याचा राग कोणाला दिसला नाही, म्हणून तो कोणी विझवलाही नाही. पुढे कॉलेजात दुसऱ्या वर्षी नकाशाचे रंग शिकवले गेले : बांधायचे ते तांबड्यात, राहणारे ते काळ्यात, आणि पाडायचे ते पिवळ्या तिरक्या रेघांत. त्या तासाला रोहिदासने पिवळी पेन्सिल बराच वेळ हातात धरून ठेवली होती.

रुचिता मॅडम त्याच्या मार्गदर्शक. त्यांनी पहिले शीट उलगडले आणि चष्मा वर सरकवला.

“विस्थापित वाडीसाठी घरं. विषय छान आहे. पण साइट मोकळी नाही, रोहिदास. यावर चांगला धडधाकट बंगला आहे.”

“पाडायचा, मॅडम.”

“का?”

त्याने शीटाची दुमडलेली कड सरळ केली.

“राग आलाय म्हणून पाडलास, तर परीक्षक तुला पाडतील,” त्या शांतपणे म्हणाल्या. “कारण शोध. आणि दुसरं, जे पाडायचं ते आधी पूर्ण मोजायचं. खोली न् खोली. न बघितलेलं पाडायचा हक्क आपल्याला नाही.”

कारण त्याला त्याच आठवड्यात सापडले. डोंगरावरून उतरणारा वहाळ शेठच्या कुंपणाच्या भिंतीने अडवला होता. पावसाळ्यात ते पाणी वळसा घालून वरच्या घरांमध्ये शिरे. वाडी दर वर्षी भिजे आणि देवाला बोल लावी. रोहिदासने उतार मोजले, पाण्याच्या रेषा काढल्या. प्रत्येक रेषा भिंतीपाशी येऊन थांबत होती. सूडाला असे मोजमापाचे बळ मिळेल, असे त्याला वाटले नव्हते. कित्येक दिवस तो त्या आनंदात एकटाच वावरत होता.

मग खोल्या मोजायच्या आल्या. पदूने कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून पुढचे दार उघडले, स्वतःच्या वहाणा बाहेर ठेवल्या आणि मुलाच्या बुटांकडे पाहिले.

“काड ते. फरशीवर डाग पडतो.”

रोहिदासने बूट काढले. दिवाणखान्यात, गुळगुळीत फरशीच्या मधोमध, काचेखाली एक जाते मांडले होते. त्याच्या खुंट्याच्या भोकात प्लास्टिकची फुले होती.

“तुज्या आयचं हाय,” पदू म्हणाला, “शेठनीला आवडलं.” आणि टेपचे टोक घेऊन तो भिंतीकडे गेला.

रोहिदासने जात्याचाही व्यास मोजला. फर्निचरच्या नकाशात त्याची नोंद केली.

मुलगा बंगला काढतो आहे, ही गोष्ट पदूला पोटात ठेवता आली नाही. पुढच्याच रविवारी अनंतशेठ पाहुण्यांसह आला आणि मागच्या खोलीकडे पाहून त्याने हाक दिली. “ए रोहिदास, हिकडं ये. बंगला काडतोस म्हनं माजा?”

रोहिदास तलावाच्या कडेला येऊन उभा राहिला.

“आमच्या पदूचा पोरगा,” शेठ पाहुण्यांना सांगत होता. “आर्किटेक्ट होतोय. इथंच वाडला, आपल्या सावलीत.” मग त्याच्याकडे वळून, “कवा मांडणार?”

“मे महिन्यात, शेठ. सगळ्यांना पाहायला मोकळं असतं.”

“येतो मी. चांगलं झालं तर फ्रेम करून हालमदी लावू. काय?”

नाही म्हणणे सोपे होते. बाहेरच्यांना परवानगी नसते, एवढे एक वाक्य पुरले असते. रोहिदासने आयुष्यात प्रथमच त्या माणसाच्या डोळ्यांत पाहिले.

“या ना, शेठ. जरूर या.”

ते पाच शब्द त्याने कित्येक दिवस जिभेखाली ठेवले.

त्याच्या मॉडेलला मदत करायला भाविका येत असे. त्याच वर्गातली, कर्जतच्या बाजारातल्या भांडीवाल्याची मुलगी, तोंडाने फटकळ. एका संध्याकाळी पुठ्ठ्याची इवली छपरे चिकटवताना तिने शीटकडे पाहिले.

“किती पिवळं केलंयस. नवरी आहे का ही? हळद लावून बसवलीय नुसती.”

तो हसला नाही.

“तुझे बाबा तिथेच राहतात ना रे? त्या मागच्या खोलीत?”

“हो.”

“ती पण पिवळीच दिसतेय.”

“तीही पाडायची आहे.”

“आणि शेठ बघायला येणार. मग बाबांनी कुठे जायचं? तुझ्या या पुठ्ठ्याच्या घरात?” तिने डिंकाची बाटली बंद केली. “त्यांना विचारलंस तरी का?”

“बा सुटेल तिथून,” रोहिदास म्हणाला.

“म्हणजे नाही विचारलंस.”

ती निघून गेल्यावर त्याने मागच्या खोलीवरच्या पिवळ्या रेघा पुन्हा एकदा गडद केल्या.

मे महिन्यातल्या त्या सकाळी पदू पांढरा सदरा घालून शेठच्या गाडीतून उतरला. पुढच्या सीटवरून. शेठने त्याला पुढे बसवले होते, हे त्याच्या चालण्यातच दिसत होते. सभागृहात भिंतीभर शीटे लावली होती. रोहिदासच्या शीटांसमोर बाहेरून आलेले परीक्षक उभे होते, शेजारी रुचिता मॅडम, मागे मुले. शेठ फोन काढून पुढे झाला.

“कुठं हाय रं माजा बंगला?”

परीक्षक मॉडेलवर वाकलेले होते. शेठच्या बोलण्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. “तुमचा उताराचा अभ्यास फार नेमका आहे,” ते रोहिदासला म्हणाले. “पण मला एक कळत नाही. वाहत्या वहाळात भिंत घालणारा माणूस कोण? इतका अडाणीपणा?”

“ते इथेच आले आहेत, सर,” रोहिदास म्हणाला. त्याचा आवाज हळू होता, नेहमीसारखाच. “तेच सांगतील.”

मागे कोणीतरी हसले. मग बरेच जण हसले. शेठचा फोन धरलेला हात तसाच राहिला. त्याने पहिले शीट पाहिले, दुसरे पाहिले. सगळीकडे तांबडी लहान घरे, मधून मोकळा वाहणारा वहाळ, आणि त्यांच्याखाली, जणू जमिनीत पुरल्यासारखा, पिवळ्या रेघांतला एक ओळखीचा आकार.

“हे पिवळं काय?”

“पाडावयाचे बांधकाम,” रोहिदासने शीटाच्या कोपऱ्यातली ओळ वाचून दाखवली.

या क्षणाची त्याने फार वाट पाहिली होती. शेठच्या मानेवर चढणारा रंग त्याने डोळे भरून पाहिला. ते सुख खरे होते. ते खोटे होते असे त्याला पुढेही कधी म्हणता आले नाही.

शेठ रोहिदासशी बोललाच नाही. तो पदूकडे वळला. “तुला ठावं होतं?”

पदू शीटाकडे पाहत होता. त्याला वाचता येत नव्हते. पण बंगला त्याने इतकी वर्षे झाडला होता, त्याचा आकार त्याला वरूनही कळला. त्याने मुलाकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, फक्त काहीतरी उशिरा कळल्याचा थकवा होता.

“मीच मापं दिली, शेठ.”

“माज्या घरात राहून?”

“माजं घर बी मीच उतरवलं होतं. एक कौल फोडलं नाय.” पदूचा आवाज कुठेही चढला नाही. “तुमचं बी तसंच उतरवीन. काळजी नका करू.”

“चाव्या दे,” शेठ म्हणाला. पदूने कमरेचा जुडगा सोडला. तो त्याने शेठच्या हातात दिला नाही. मॉडेलच्या कडेला, पुठ्ठ्याच्या घरांना धक्का लागणार नाही अशा बेताने, टेबलावर ठेवला. शेठला तो वाकून उचलावा लागला.

रोहिदासला पहिला वर्ग मिळाला. परतताना बापलेक एसटीने निघाले. खालापूर मागे पडेपर्यंत पदू खिडकीबाहेर पाहत होता. मग त्याने विचारले, “तलावाच्या पंपामागचा फणस कुठं गेला रं त्यात?”

“कोणता फणस?”

“कोपऱ्यातला. मी लई शोधला. तितं तू घर काडलंस.”

“बा, कुंपणाच्या आतलं मी सगळंच पाडलंय. ते शेठचं.”

“फणस शेठचा नाय.” पदूने हाताच्या तळव्याने गुडघा चोळला. “आपल्या परड्यातला त्यांनी तलावासाठी तोडला, तवा तुज्या आयनं त्याच्या आठळ्या राखून ठेवल्या. एक पंपामागं पुरली. कुनाला सांगायचं नाय म्हनली.”

रोहिदासला झाडांची यादी आठवली नाही, कारण ती त्याने केलीच नव्हती. बंगल्याची खोली न् खोली त्याने मोजली होती. झाडे मोजावीत असे त्याला सुचले नव्हते. दर उन्हाळ्यात आय परातीत गरे ठेवी आणि तो परात सरकवून देई. शेठच्या झाडाचे म्हणून.

“मला का नाय सांगितलं तिनं?”

“तू खाल्लं असतंस, तर सांगितलं असतं.”

पळसदरीचा फाटा आला, तसे दोघे उतरले.

पदूची वळकटी आणि दोन पेट्या वर वाडीत ठकीआत्याच्या पडवीत आल्या. “आलास वर शेवटाला,” ती भावाला म्हणाली. “तुला लई वर्सं लागली.” एवढेच बोलून तिने चुलीवर जास्तीचे पाणी ठेवले. कुडाला टेकून पदू संध्याकाळभर बसून राही. हातांना काम नसल्यामुळे ते मांडीवर उलटे पडलेले असत.

प्रबंधाची बांधीव प्रत द्यायला आठवडा होता. रोहिदासने साइटचा नकाशा पुन्हा काढायला घेतला. पंपामागे एक काळे वर्तुळ आले. त्याच्या सावलीसाठी दोन घरे सरकली, त्यांच्यामुळे पायवाट वळली, वाटेमुळे आणखी एक घर मागे गेले. मान्य झालेली सगळी रचना त्याने त्या एका झाडाभोवती मोडून बांधली. “परीक्षा झाली आहे, आता हे कोण बघणार?” असे रुचिता मॅडमनी विचारले, आणि उत्तर न मागता सही केली. बंगल्यावरच्या पिवळ्या रेघा मात्र त्याने पुसल्या नाहीत. दोन रेघांमध्ये जिथे जागा उरली होती, तिथे त्याने तिसरी ओढली.

प्रत देऊन तो परतला, तेव्हा फाट्यावर बा थांबला होता. दोघे भिंतीच्या कडेने वर चालू लागले. भिंतीवर आता काचा लावल्या होत्या. आत नवा राखणदार पाइपाने लॉनवर पाणी मारत होता. पंपाच्या बाजूला तो फिरकत नसावा. भिंतीवरून फणसाचा माथा दिसत होता, आणि पिकलेल्या गऱ्यांचा दाट, गोड वास वाटेवर येऊन थांबला होता.

आत कुठेतरी काहीतरी जड पडले. पानांचा आवाज झाला, मग काही नाही.

पदू क्षणभर थबकला.

“पडला एक,” तो म्हणाला, आणि पुढे चालू लागला.