तानुबाईंची किडनी, जोतीरामच्या पोटात

मित्रांनो, मी एक जुनी किडनी आहे. माझा जन्म आटपाडीकडच्या माळावरचा, तानुबाईंच्या पोटातला. बाई दिवसभर उन्हातान्हात शेळ्यांमागं फिरायच्या आणि पाणी प्यायच्या घोटभर, तरी आम्ही दोघी बहिणींनी कधी कुरकुर केली नाही. कुणी कौतुकही केलं नाही. किडनीची आठवण होते ती बिघडल्यावरच!

मग त्यांचा मुलगा जोतीराम याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तानुबाई म्हणाल्या, "माजी काढा." सांगलीच्या दवाखान्यात मला लेकाच्या पोटात बसवलं. मी लगेच कामाला लागले आणि माझ्या नावानं चक्क पेढे वाटले गेले. शरीरानं मला परकी समजून हाकलू नये म्हणून जोतीरामला गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी रोगांशी लढणारे अंगातले राखणदारही पेंगुळतात. म्हणून डॉक्टर संयोगिताबाईंनी बजावलं होतं, कच्चं काही देऊ नका.

तानुबाईंनी कोशिंबीरसुद्धा बंद केली. पण लेकाला ताकद यावी म्हणून रोज सकाळी शेळीची धार काढून फेसाळ पेला थेट त्याच्या हातात द्यायच्या. धारेचं दूध गरमच असतं, ते कच्चं कसं, असा त्यांचा हिशोब.

काही महिन्यांनी जोतीरामला ताप आला. जायचा, पुन्हा यायचा. कंबर धरली, घामानं अंथरूण भिजू लागलं, माझंही काम मंदावलं. तपासण्यांत नेहमीचे जंतू सापडेनात. मी वाचते की जाते, अशी वेळ आली.

डॉक्टरांनी विचारलं, "न तापवलेलं दूध पिता का?" जोतीरामच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण आईला बोल लागेल म्हणून पठ्ठ्या म्हणाला, "न्हाई."

तानुबाई खोलीतल्या सगळ्यांदेखत उठून उभ्या राहिल्या. "आवं, खोटं बोलतोय त्यो. मीच पाजते धारंचं दूध. माज्या हातनं झालं आसंल तर झालं, पर माज्या पोराला वाचवा."

संयोगिताबाई रागावल्या नाहीत. त्यांनी रक्ताची वेगळी तपासणी करायला लावली आणि ब्रुसेला नावाचा, जनावरांकडून माणसात येणारा जंतू सापडला. किडनी बसवलेल्यांत तो क्वचितच दिसतो. बरीच औषधं झाली, ताप गेला, मी पुन्हा नेटानं कामाला लागले.

मित्रांनो, दूध उकळूनच प्या, आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका. तानुबाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत. एकदा त्यांनी पोटावर सुरी चालवून घेतली आणि एकदा भरल्या खोलीत खरं सांगितलं. त्यांना जास्त दुखलं ते दुसऱ्या वेळी.