ज्ञानदाची वजावट

वाळूत रुतलेली फळी अरुणकुमारने पुन्हा उपसून काढली, हातांनी वाळू सारखी केली आणि टाचेने दाबून ती नीट बसवली. पुढची फळी उचलायला तो वळला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली होती.

"दादा, पुरे आता. समुद्र इथूनही दिसतोय," व्हीलचेअरवरून ज्ञानदा म्हणाली.

"दिसतो गं. पण पाय भिजत नाहीत."

शुक्रवारच्या सुट्टीला ते कुवेतच्या दक्षिण टोकाला, खैरानला आले होते. समुद्रकाठचं ते शॅले, म्हणजे सुट्टीचं छोटं घर, त्याची बायको प्रभा हिच्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरांचं. फळ्या मात्र अरुणकुमारने शहराकडच्या आपल्या सलव्याच्या घरून गाडीच्या टपावर बांधून आणल्या होत्या. धाकटी बहीण अमेरिकेहून पहिल्यांदाच कुवेतला आली होती, आणि तिचे पाय समुद्रात भिजले नाहीत तर लोक आपल्याला नावं ठेवतील, असा त्याचा आविर्भाव होता. लोक म्हणजे कोण, हे बायकोने सकाळी विचारून पाहिलं होतं. उत्तर म्हणून त्याने दोरीची आणखी एक गाठ मारली होती.

ज्ञानदा न्यू जर्सीतल्या एका वाचनालयात काम करायची. शिकायला गेली, नोकरीला लागली, तिथलीच झाली. आणि पस्तिशीत स्नायूंच्या आजाराने तिच्या पायांतलं बळ गेलं. तेव्हापासून तिला तिथल्या सरकारची दरमहा मदत मिळत होती. पुढे वाचनालयात अर्ध्या वेळेचं काम मिळालं. सकाळी नीरजा नावाची बाई येऊन तिला उठवून तयार करायची आणि मग हैदराबादचा साबीर आपल्या रॅम्पच्या व्हॅनमधून तिला कामावर सोडायचा. या दोघांचे पैसे अरुणकुमार अगदी सुरुवातीपासून कुवेतहून परस्पर भरत आला होता. ज्ञानदाने हरकत घेतली की म्हणायचा, "भाऊबीज समज." अशी त्याची भाऊबीज वर्षाचे बारा महिने चालू होती.

खुर्ची ढकलत त्याने शेवटच्या फळीपर्यंत नेली, गुडघ्यांवर बसून तिचे मोजे काढले आणि पाय उचलून अलगद पाण्यात ठेवले. पाणी गार होतं. ज्ञानदा शहारली आणि मग लहानपणी हसायची तशी हसली. प्रभा चहा करायला आत गेली.

"दादा, वाचनालयवाले पूर्ण वेळ काम देतायत. सोमवारी त्यांना कळवायचंय."

"मग कळव की हो म्हणून. मी मागेच समजावलं होतं ना तुला? कमाई मर्यादेच्या वर गेली की मदत बंद होते, बरोबर. पण अपंगत्वामुळे कामासाठी जो खर्च करावा लागतो, तो कमाईतून वजा धरतात. नीरजा आणि साबीर वजा केले की तू मर्यादेच्या आत. मदत चालूच राहते."

"नियम तसाच आहे. मी मदत देणाऱ्या सरकारी ऑफिसात जाऊन विचारून आले. तिथल्या बाईंनी एवढंच विचारलं, की हे पैसे भरतं कोण?"

"कोण म्हणजे? आपणच."

"आपण नाही दादा. तू."

त्याला कळेना. ज्ञानदाने मग हळूहळू सांगितलं, वाचनालयातल्या हट्टी माणसाला सांगावं तसं. जो खर्च तिच्या स्वतःच्या पैशातून होतो तोच वजा होतो. भावाने भरलेला खर्च तिचा धरत नाहीत. म्हणजे तो भरत राहिला तर तिने काम अर्ध्या वेळेचंच करायचं, नाहीतर मदतीवर पाणी सोडायचं.

हिशेब बघणं हेच त्याचं काम; ऑफिसात कुणी एका खात्याचा खर्च दुसऱ्या खात्यावर टाकला तर अरुणकुमारला जेवण जात नसे. पण आपण आणि आपली बहीण ही दोन वेगळी खाती आहेत, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. येणार तरी कुठून? बहिणीचं करायचं आणि बोलून दाखवायचं नाही, एवढंच त्यांच्या घरात भावांना शिकवलेलं.

"मग सोपं आहे," तो म्हणाला. "मी तुझ्या खात्यात टाकतो. तू तिथून दे."

"ते विचारतात, की कुणी भरपाई करून देतं का. मी खोटं सांगणार नाही."

"अगं, भाऊ बहिणीला देतो त्याला भरपाई म्हणतात होय?"

"तिकडे म्हणतात."

"आणि तुला झेपेल का सगळं?"

"पूर्ण पगारात झेपेल. जरा हात आखडता घ्यावा लागेल. पण दादा, काम माझं आणि साबीरचे पैसेही माझे. मला बरं वाटेल ते."

अरुणकुमारला वाईट वाटलं. मनापासून वाईट वाटलं, आणि ते लपवता येण्याइतका तो हुशार नव्हता. फळीच्या कडेची वाळू तो उगाच बोटाने काढत बसला.

"म्हणजे मी आता काहीच करायचं नाही."

"तू साबीरला दर महिन्याला फोन करतोस ना?"

"पैसे पोचले का, ते विचारायला."

"आणि मी कशी आहे ते विचारायला. तो सांगतो मला. 'साब पूछ रे थे, आपा कैसे हैं.' नीरजालाही विचारतोस. मला का नाही रे विचारत?"

"विचारतो की. दर आठवड्याला फोन करतो."

"'काय, बरं ना सगळं?' म्हणतोस, आणि मी हो म्हणायच्या आत वहिनीकडे फोन देतोस."

प्रभा चहा घेऊन आली. दोघांचे चेहरे पाहून तिने कप फळीवर ठेवले आणि आत काहीतरी विसरल्यासारखी परत गेली. तिला नवरा चांगला माहीत होता.

"सोमवारी हो सांगून टाक," चहाचे दोन घोट घेतल्यावर तो म्हणाला. "मी साबीरला कळवतो, पुढच्या महिन्यापासून..."

"मीच सांगेन त्याला."

"बरं. तूच सांग."

ती मान डोलावून पाण्याकडे बघत राहिली. लांबवर एक मच्छीमार होडी खाडीत वळत होती. अरुणकुमारने दोनदा घसा खाकरला. सख्ख्या बहिणीशी बोलायला त्याला शब्द जुळवावे लागत होते. शेवटी तो तिच्याकडे न बघताच म्हणाला,

"दिवसभर खुर्चीत बसून पाठ दुखत असेल ना गं?"

ज्ञानदाने पाण्यावरची नजर त्याच्याकडे वळवली.

"दुखते."

"रोज?"

"रोज."

त्याने कप खाली ठेवला आणि तो उठून खुर्चीजवळ आला.

"कुठे दुखते?"

तिने त्याचा वाळूने भरलेला हात धरला, मागे नेला आणि कमरेच्या जरा वर टेकवला.

"इथे," ती म्हणाली.