स्टिअरिंग नको

दुकानदाराने ग्राफिक्स कार्ड आधी सरळ, मग तिरकं, मग पुन्हा सरळ धरून कॅबिनेटमध्ये बसवून पाहिलं. कार्ड बोटभर लांब पडत होतं. त्याची कड पुढच्या पंख्याला घासली आणि करकर आवाज आला.

"कॅबिनेट मोठं घ्यावं लागेल," तो म्हणाला.

थोरलीने डोळे मिटून घेतले. सकाळपासून हेच चाललं होतं. प्रोसेसर पसंत करावा तर तो मदरबोर्डवर बसेना. मदरबोर्ड बदलावा तर आधी निवडलेली रॅम त्याला चालेना. तिघांची पत्रिका एकदाची जुळली, तर पॉवर सप्लाय एवढा भार ओढणार नाही असं निघालं. एक सांधावं तर तेरा तुटत होते, आणि हातात पैसे मोजकेच होते. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. जादा रात्रपाळ्या करून साठवलेले ते पैसे. धाकटी बहीण परगावी राहायची. तिला यातलं कळायचं, म्हणून दर अर्ध्या तासाने तिला फोन लावायचा, आणि दर वेळी ती नव्याने काहीतरी नापास करायची.

बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर, दवाखान्यात नंबरची वाट बघत बसावं तसे गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता.

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं लांब पल्ल्याच्या बस चालवण्यात घातली होती. डेपोत त्यांना सगळे 'घड्याळ' म्हणायचे, कारण त्यांची गाडी आली की लोक मनगटावरची वेळ लावून घेत. मग एका दुपारी भर घाटात त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच डोकं स्टिअरिंगवर टेकलं. कुणाला ओरखडाही आला नाही. पण डॉक्टरांना हृदयाच्या ठोक्यांत दोष सापडला आणि गाडी कायमची सुटली. ऑफिसात दिलेली खुर्ची त्यांनी महिनाभर उबवली आणि राजीनामा देऊन घरी आले. तेव्हापासून ते घरात असूनही नसल्यासारखे होते. जेवायला बोलावलं की येत, विचारलं तेवढ्यालाच उत्तर देत.

एकदा थोरलीच्या फोनवर कुणीतरी बस चालवायचा गेम खेळत असल्याचा व्हिडिओ लागला. खरीखुरी वाटावी अशी बस, वळणावळणाचा रस्ता. बाबांनी फोन हातातून घेतला आणि व्हिडिओ संपेपर्यंत परत दिला नाही. कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून हात पुढे करून घेतलेली ती पहिली वस्तू होती. बुडत्याला काडीचा आधार, तसं थोरलीने ते धरून ठेवलं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो गेम नुसता उघडायलाही तयार नव्हता, म्हणून नवा जुळवायचा ठरला.

दुपारपर्यंत घोडं एकाच ठिकाणी येऊन अडलं. लहान कॅबिनेटात मावेल असं साधं कार्ड घेतलं, तर उरलेल्या पैशांत स्टिअरिंग, पेडल आणि गिअरचा संच बसत होता. भारी कार्ड आणि मोठं कॅबिनेट घेतलं, तर स्टिअरिंग विसरायचं.

"साध्या कार्डावर गेम चालेल ना?" तिने विचारलं.

"चालेल. फक्त लांबचं धूसर दिसेल. झाडं-डोंगर जरा उशिरा उगवतील." दुकानदार हसला. "पण मॅडम, गाडी चालवणाऱ्याला समोरचा रस्ता दिसला की झालं."

"मग स्टिअरिंगच घेऊ."

"स्टिअरिंग नको," कोपऱ्यातून बाबा म्हणाले.

सकाळपासूनचं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं. थोरली वळली. "का?"

"नको म्हटलं ना. ते कार्ड घे चांगलं."

स्टिअरिंगशिवाय बस चालवायची ती काय कीबोर्डची बटणं दाबून, असं तिने विचारलं. बाबांनी नुसतं भारी कार्डाकडे बोट दाखवलं. ते आपले पैसे वाचवायला बघतायत हे तिने मनाशी ठरवून टाकलं. आयुष्यभर त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. नवा शर्टसुद्धा आईने चोरून आणायचा आणि जुना म्हणून घालायला द्यायचा. यावेळी आपण ऐकायचं नाही. तिने दुकानदाराला स्टिअरिंगचं खोकं काढायला सांगितलं. बिल होईपर्यंत बाबा बाहेर जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे पाठ करून.

आईने शिलाई मशीन भिंतीशी सरकवून टेबलाला जागा केली. थोरलीने स्टिअरिंग टेबलाच्या कडेला आवळून बसवलं, पेडल खाली नीट मांडली, गेम सुरू केला आणि खुर्ची ओढून दिली. बाबा बसले. दोन्ही हात आपोआप जिथे जायचे तिथे गेले. क्षणभर त्यांची पाठ पूर्वीसारखी ताठ झालेली तिने पाहिली. मग त्यांनी हात काढून मांडीवर पुसले आणि चहा टाकतेस का म्हणून आईला विचारत ते आत गेले.

पुन्हा ते त्या खुर्चीकडे फिरकले नाहीत. तिने आडून सुचवलं, सरळ सांगितलं, स्वतः खेळून दाखवलं. तिची बस गटारात गेली तरी ते हसले नाहीत. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. हळूहळू स्टिअरिंगवर धूळ बसली, आणि एका रविवारी तिने पाहिलं तर त्यावर ओला पंचा वाळत घातला होता.

तिचा संयम सुटला. ती बोलत गेली. माणसाने किती हट्टी असावं, घरच्यांनी किती दिवस पायांचा आवाज न करता चालायचं, सगळं. शेवटी म्हणाली, "मी रात्रपाळ्या केल्या त्या काय पंचे वाळवायला?"

आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. बाबांनी पंचा काढला, त्याची चौकोनी घडी घातली आणि ती हातातच धरून ठेवली.

"तू केलंस ते कळतं मला," ते म्हणाले. एवढंच.

त्यानंतर काही दिवस तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. स्वतःच्या शब्दांची लाज वाटत होती आणि रागही गेला नव्हता. दोन्ही एकाच ताटात वाढलेली, कुठलं आधी संपवावं कळेना.

एका दुपारी लॅबमधलं यंत्र बंद पडलं आणि सगळ्यांना लवकर सोडलं. आई बाजारात गेली होती. कुलूप नसलेल्या दारातून आत येताच थोरलीला इंजिनाचा आवाज ऐकू आला. चढावर गिअर बदलला जात होता. ती चपला हातात घेऊन दबक्या पावलांनी खोलीच्या दाराशी गेली.

स्टिअरिंग टेबलावर नव्हतं. ते खोलून कॉटवर ठेवलेलं होतं, पेडल त्याच्या शेजारी. पडद्यावर बसचा आतला भाग दिसत होता, पण चालकाच्या जागेवरून नाही. मागच्या एका आसनावरून, खिडकीतून. पुढे गेममधलाच कुणी चालक बसला होता. त्याची टोपी तेवढी दिसत होती. बाबा खुर्चीत किंचित कलून, काचेला खांदा लावून बसावं तसे बसले होते.

"बाबा?"

ते दचकले नाहीत. "ये. हा चढ संपला की खाली नदी लागते."

"तुम्ही नाही चालवत?"

"तो चालवतोय की. वळणावर जरा घाई करतो, पण बरा आहे."

ती कॉटच्या कडेवर बसली. बाबा पडद्याकडे बघतच बोलत होते, आणि तिला उमगलं की तसंच बघत राहिले तरच ते बोलू शकतील.

"स्टिअरिंगला हात लावला की मागे माणसं बसल्यासारखी वाटतात," ते म्हणाले. "खोली रिकामी असली तरी. त्या दिवशी गाडी भरलेली होती. एक बाळ रडत होतं. मला चक्कर आली तेव्हा ते रडायचं थांबलं होतं, का मला ऐकू येईनासं झालं होतं, ते अजून कळत नाही."

थोरलीचा हात शेजारच्या स्टिअरिंगवर पडला होता, तो तिने अलगद उचलून घेतला.

"इथे बरं वाटतं," थोड्या वेळाने ते म्हणाले. "मी आयुष्यभर रस्ताच बघितला. मागचे सगळे बाहेर बघायचे. मध्येच सगळी एका बाजूला जमायची, पोरं काचेला नाकं लावायची. काहीतरी असणार तिथे. मला काय, खड्डा दिसायचा."

चढ संपला. दरीच्या जागी आधी नुसता राखाडी ठिपका दिसला; मग एकदम, कुणी फेकल्यासारखी, नदी येऊन पडली. तिच्यामागे डोंगराचा निम्मा तुकडा आला, आणि जरा वेळाने उरलेला निम्मा.

"डोंगर इथे गाडीपेक्षा उशिरा पोचतात," बाबा म्हणाले. "डेपोत असते तर मेमो मिळाला असता."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी नाकाच्या शेंड्याशी झोंबलं. बाबा सरकले आणि त्यांनी खुर्चीचा अर्धा भाग मोकळा केला. ती बसली. पुढचा थांबा येईपर्यंत दोघं एकाच खिडकीतून बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी ती स्टिअरिंगचं खोकं घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने ते उघडून चाक फिरवून पाहिलं, पेडल दाबून पाहिली.

"खराब तर नाही निघालं."

"नाही. हे परत घ्या आणि ते भारी कार्ड द्या. वर जे होईल ते मी भरते."

स्टिअरिंग आता जुन्यातच धरावं लागेल, आणि मोठ्या कॅबिनेटचा खर्च वेगळा, असं त्याने दोनदा समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. त्याला मात्र राहवेना.

"पण मग काका गाडी कशाने चालवणार?"

"गाडी चालवायला माणूस आहे," थोरली म्हणाली. "तुम्ही फक्त सांगा, यातल्या कुठल्या कार्डावर सगळ्यात लांबचं दिसतं?"