लेन्स साफ आहे

लवू परबाला कॅमेऱ्याचं खूळ कधीच नव्हतं. पण थोरली पोरगी, अबोली, तिने नवा फोन घेतला आणि स्वतःचा जुना मिररलेस कॅमेरा बापाच्या हातात ठेवला. म्हणाली, "बाबा, रविवारी बाळाचं बारसं. फोटो तुम्ही काढायचे. भाड्याचा फोटोग्राफर नको मला." कॅमेरा चांगलाच होता, शिकाऊ माणसाला पुरेल असा. फक्त त्याची लेन्स अबोलीने मढच्या खडकावर आपटून तिचा पार चुरा केला होता. म्हणजे घोडा दारात उभा आणि त्याला डोळाच नाही.

लवू दहिसरचा. वय चोपन्न. अकरा वर्षं शाळेची व्हॅन चालवतोय, आणि ती पण दुसऱ्याची. मालक निलेश. सकाळी दहिसरची अकरा पोरं उचलायची, गोराईच्या शाळेत टाकायची, साडेबाराला परत घरोघर पोचवायची. पोरं सांभाळायला गाडीत मीरा असते. चाळिशीची बाई, तोंडाने तिखट. गाडीत बाईमाणूस ठेवावंच लागतं, नाहीतर आईबाप पोर चढवत नाहीत. मधला वेळ मोकळा असतो. त्या दिवशी लवूने व्हॅन शिंपोलीला कडेला लावली, मीरा वडापाव खायला गेली, आणि लवू कॅमेरा काखेत मारून श्यामकांत चुरीच्या दुकानात शिरला.

दुकान कसलं, कपाट म्हणा. जुने कॅमेरे, जुन्या लेन्सा, मधे एक टेबल आणि टेबलामागे श्यामकांत. माणूस फटकळ, पण धंद्याला सरळ.

"बजेट?"

"सात-आठ हजार."

"काढायचं काय? पक्षी, डोंगर, का बायको?"

"बारसं."

"घर केवढं आहे?"

लवू तडकला. "लेन्स घ्यायला आलोय शेट, पोरीला स्थळ बघायला नाय."

"अहो दादा, त्याच्यासाठीच विचारतोय ना! येतो तो पन्नास एमएमची लेन्स मागतो. मोबाईलवर कोणतरी सांगतो, स्वस्तात मस्त, डोळे मिटून घ्या. मग दहा बाय बाराची खोली, मधे पाळणा, चहूकडे बायका. हा मागे सरकतोय, मागे सरकतोय, शेवटी मोरीत जाऊन उभा. तरी फोटोत काय? बाळाचं नाक! पन्नास लांबचं ओढते. तुम्हाला रुंद बघणारी पाहिजे." त्याने खणातून एक काळी, आवळ्याएवढी लेन्स काढली. "ही पंचवीस एमएमची. चिनी आहे. फोकस हाताने करायचा, कॅमेरा करून देणार नाही. पण ट्यूबलाइटच्या उजेडात पण फोटो देते. तुमच्या पैशात ह्याच्यासारखी नाही. लावा, बघा."

लवूने लेन्स लावून घेतली. कॅमेऱ्याच्या मागच्या भोकाला उजवा डोळा लावला, डावा मिटला. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे क्लासची पाटी, पाटीखाली पानवाला. लेन्सचं कडं फिरवलं. डावीकडे, उजवीकडे. परत डावीकडे. पानवाला काही धड दिसेना.

"शेट, ह्याच्यात बुरशी आहे."

श्यामकांतला ते झोंबलं. मुंबईच्या दमट हवेत लेन्सला आतून बुरशी धरते हे खरं. कपाटात ठेवलेली लेन्स दोन पावसाळ्यांत आंधळी होते. पण स्वतःच्या मालाला कोणी बुरशी म्हटलं तर कोण ऐकून घेईल? त्याने लेन्स काढली, मागून टॉर्च मारला. "बघा. आहे का एक तरी तंतू? लेन्स साफ आहे."

"मग दुसरी दाखवा."

दुसरी जुनी, रिळाच्या जमान्यातली, जपानी, लोखंडासारखी जड. धूसर. तिसरी साधी झूमवाली, स्वतः फोकस करणारी. चिर्र करून आवाज आला, हिरवा चौकोन पेटला, म्हणजे कॅमेरा म्हणतोय फोकस बसला. लवूला चौकोन पण हिरव्या बुळबुळीत डागासारखा दिसला.

"ते बाजूचं चाक फिरवा," श्यामकांत म्हणाला. "चष्म्याच्या नंबरवाल्या लोकांसाठी असतं."

लवूने चाक ह्या टोकापासून त्या टोकाला नेलं. काही नाही. मग श्यामकांतने स्वतः एक फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर दाखवला. लवूने तो दोन्ही डोळ्यांनी बघितला. झकास! पानवाल्याच्या टोपीवरची शिवण दिसत होती.

"म्हणजे भोकात लोच्या आहे," लवू हसत म्हणाला. पोरीचा कॅमेरा खराब निघाला ह्याचंच त्याला वाईट वाटलं.

श्यामकांतने भोकातून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कपाटातला दुसरा कॅमेरा काढला, पंचवीसची लेन्स त्याला चढवली आणि लवूच्या हातात दिला. लवूने बघितलं. त्याच्यात पण तसंच. जशी काचेवर कोणी दुधाची साय फासलीय.

दुकानात पंखा फिरत होता. श्यामकांतचा आवाज एकदम उतरला.

"दादा, डावा डोळा लावा."

लवूने डावा लावला.

क्लासची पाटी. तिच्यावरचा फोन नंबर, शेवटचा आकडा सात. पानवाल्याच्या ताडपत्रीला निळं ठिगळ. ठिगळाचे टाके. सगळं असं कोरून ठेवल्यासारखं.

परत उजवा. साय.

परत डावा. टाके.

श्यामकांतने हळूच कॅमेरा त्याच्या हातातून काढून घेतला, नाहीतर पडलाच असता. चोपन्न वर्षांत लवूने एक डोळा मिटून जग कधी बघितलंच नव्हतं. कशाला बघेल? दोन डोळे उघडे असले की एक दुसऱ्याचं झाकून घेतो.

"घाबरू नका," श्यामकांत म्हणाला. "माझ्या आईचं अस्संच होतं. मोतीबिंदू. काढतात हल्ली, अर्ध्या तासाचं काम. पण दाखवून या लवकर. दुसरं पण काही असू शकतं." मग त्याने विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

लवू म्हणाला, "रिटायर."

तोंडातून कसं आलं त्याचं त्याला कळलं नाही. पण आलं ते आलं. तो उठला आणि चालायलाच लागला. व्हॅनमध्ये चढून त्याने दार ओढलं आणि स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला.

त्याला बाप आठवला. कणकवलीजवळच्या घरात पडवीला बसलेला. बापाचं पण एका डोळ्यापासून सुरू झालेलं. कोणी दवाखान्यात नेला नाही, मग दुसरा पण गेला. पुढची नऊ वर्षं म्हातारा आवाजावरून माणसं ओळखायचा, आणि चुकला की लाजायचा.

काचेवर टकटक झाली. लवू दचकला. बाहेर श्यामकांत धापा टाकत उभा, हातात अबोलीचा कॅमेरा.

"विसरलात." त्याने कॅमेरा आत दिला. मग एक पाऊल मागे गेला, आणि त्याची नजर व्हॅनच्या पिवळ्या अंगावर फिरली. मोठ्या अक्षरात लिहिलेलं: स्कूल व्हॅन. आत सीटवर एक विसरलेली पाण्याची बाटली, कार्टूनवाली.

श्यामकांतने लवूकडे बघितलं. "रिटायर म्हणालात."

लवूने कॅमेरा मांडीवर घेतला. श्यामकांत अजून काही बोलणार होता, तेवढ्यात मीरा तोंड पुसत आली, पलीकडून चढली, "चल रे, बारा वाजत आले," म्हणाली. लवूने गाडी सुरू केली. आरशात, डाव्या आरशात, श्यामकांत रस्त्यातच उभा दिसला.

आजचा दिवस, लवू मनात म्हणत होता. आजच्या दिवस पोरं सोडतो. उद्या डॉक्टर. अकरा वर्षं चालवतोय, एका दिवसाने काय होतंय?

पण आता ते डोक्यातून जाईना. त्याने मुद्दाम क्षणभर डावा डोळा मिटला. रस्ता गेला. रिक्षा, माणसं, डिव्हायडर, सगळं ताकात कालवलेलं. घाबरून त्याने डोळा उघडला. उजव्या बाजूने एक बाईक सर्रकन पुढे निघाली, आणि ती नाकासमोर येईपर्यंत लवूला दिसलीच नव्हती. आवाज ऐकला, पण बाईक नाही. ह्या महिन्यात उजवा आरसा दोनदा घासला होता. दोन्ही वेळा त्याने समोरच्याची आईबहीण काढली होती. आणि गेल्या गुरुवारी? पहिलीतला यज्ञेश उजवीकडून धावत आला होता. मीरा ओरडली म्हणून ब्रेक लागला. लवूने खाली उतरून त्या एवढ्याशा पोराला झापला होता, "डोळे फुटले काय रे तुझे?" पोर रडलं होतं.

लवूने गाडीचा वेग कमी केला.

लिंक रोडच्या सिग्नलला गाडी थांबली. दिवा उजवीकडच्या खांबावर. मीरा मोबाईलमध्ये काहीतरी बघत होती. लवूच्या तोंडातून सवयीने निघालं, "सुटला का गं?"

"सुटला," मीरा मान वर करून म्हणाली. "काय रे, हल्ली रोज विचारतोस. समोर बघायला मला पगार देतो का निलेश?"

मागचे हॉर्न मारायला लागले. लवूने सिग्नल ओलांडला, गाडी डावीकडे बसस्टॉपच्या पुढे घेतली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली फिरवून बंद केली.

"पंक्चर?" मीरा म्हणाली.

"मीरा, माझा उजवा डोळा गेलाय."

ती हसली. मग त्याचं तोंड बघून हसायची थांबली. लवूने सगळं सांगितलं. लेन्स, साय, पानवाल्याचं ठिगळ. मीरा ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. मग भडकली.

"म्हणजे गेला महिनाभर गाडी माझ्या डोळ्यांनी चाललीय? आणि मी येडी मोबाईल बघत बसते? अकरा पोरं, लवूदादा! अकरा!"

"मला माहीत नव्हतं गं."

"आता आहे ना माहीत? मग शिंपोलीपासून इथपर्यंत का चालवलीस?"

लवू खिडकीबाहेर बघत राहिला. मीराने ओढणीने गळ्याचा घाम पुसला. म्हणाली, "निलेशला लाव फोन."

निलेशने पहिल्या रिंगला उचलला. आधी त्याला वाटलं लवू दारू प्यायलाय. मग वाटलं सुट्टी पाहिजे. मग पटलं, तेव्हा म्हणाला, "बरं बरं. बघू डोळ्याचं. आज आण ना पोरं कशी तरी. हळू चालव. मीरा आहेच बाजूला. आता ऐन टायमाला कुठून आणू ड्रायव्हर?"

हेच लवू मघापासून स्वतःला सांगत होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं आपण काय म्हणत होतो.

"नाय आणणार."

"लवू, नाटकं नकोत. आईबाप डोक्यावर बसतील माझ्या."

"बसू दे. गाडी लिंक रोडला बसस्टॉपच्या पुढे उभी आहे, किल्ली मीराकडे देतोय."

"मग उद्यापासून येऊ पण नको! कळलं?"

"कळलं," लवू म्हणाला. फोन ठेवताना दोनदा बोट चुकलं.

खरंच किल्ली काढून त्याने मीराच्या हातात ठेवली. स्वतःच्या खिशात ठेवायची त्याला भीती वाटत होती. मीराने ती कमरेला खोचली, रिक्षाला हात केला. "मी पुढे जाते. गेटातच पोरं धरून ठेवते. एकाला पण रस्त्यावर येऊ देत नाही. निलेश येईल बघ. शिव्या देत येईल, पण येईल. आल्याशिवाय त्याची सुटका नाय." रिक्षात बसता बसता तिने किल्ली परत लवूच्या हातात कोंबली. "निलेशला द्यायला लागेल ना, येड्या! फक्त तू लावू नको."

पुढचा अर्धा तास लवू फुटपाथवर उभा होता. गाडीत बसला नाही. मूठ आवळून किल्ली तळहातात रुतली होती. घरी काय सांगायचं, चोपन्नाव्या वर्षी कोण काम देणार, डावा डोळा पण ह्याच वाटेने गेला तर? एक गेला की दुसरा जातो, बापाचं त्याने बघितलंय. साडेबारा वाजले. बारा पस्तीस. शाळेतून फोन आला, तो उचलून त्याने सांगितलं, "येतोय बाई, गाडी येतेय. पोरं आत ठेवा."

निलेश आला. शिव्या देतच आला. किल्ली हिसकावली आणि म्हणाला, "बस मागे. रस्ता मला माहीत आहे, घरं माहीत नाहीत. कोणाला कुठे उतरवायचं ते सांग."

गोराईला मीराने पोरांची रांग गेटाच्या आत भिंतीला चिकटवून उभी केलेली. एकेक मोजून चढवला. लवू शेवटच्या सीटवर दप्तरांमध्ये गुडघे आखडून बसला. अकरा वर्षांत तो मागे पहिल्यांदा बसत होता. मागून पोरांची फक्त डोकी दिसत होती, तेल लावलेली, भांग पाडलेली, कुणाचं मधेच उभं राहिलेलं. खिडकीतून हात बाहेर काढायची त्यांची भांडणं चालली होती. इवलीशी डोकी. आपण ह्यांना घेऊन रोज फिरत होतो.

"पहिलं घर?" निलेशने पुढून विचारलं.

"नाक्यावर डावीकडे. मीरा उतरवेल." लवूने खाकरून आवाज सरळ केला. "उजवीकडून बाईकवाले घुसतात तिथे. जपून."

"दिसतात मला," निलेश म्हणाला.

निलेश बरा चालवत होता. घाई नव्हती, मोबाईल नव्हता. तरी उजवीकडून काहीही आलं, रिक्षा, सायकल, नुसता हॉर्न, की लवूचा उजवा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर करकचून दाबला जात होता. तिथे ब्रेक नव्हता. त्याला ठाऊक होतं. शेवटचं पोर उतरेपर्यंत तो पाय दाबतच राहिला.